काळबांडेंनी घेतलेला पॉवर सप्लाय

परवा पुण्यात माझ्या भाच्याने नवा कॉम्प्युटर जोडायला घेतला. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, कॅबिनेटला काच असावी की नसावी, यावर त्याची मित्रांशी बरेच दिवस फोनवर चर्चा चालली होती. मी समोरच पेपर वाचत बसलेला असायचो. एकदा तो सहज म्हणाला, "मामा, कॅबिनेटसोबत पॉवर सप्लाय फुकट मिळतोय. तोच ठेवतो. त्यात काय बघायचं असतं?"

मी पेपर खाली ठेवला. म्हटलं, फुकटचा घेऊ नकोस. वर लिहिलेला वॅटचा आकडा बघू नकोस, तो किती गरमीत मोजलाय ते बघ. डबा हातात घेऊन बघ, हलका लागला तर परत ठेव. तुझं कार्ड आणि प्रोसेसर मिळून जेवढी वीज खातील त्याच्या दीडपटीच्या आसपास घे. तिप्पट घेऊ नकोस, दुकानदार तिप्पटच देईल. भाचा बघतच राहिला. ज्या मामाला मोबाइलमधला फोटो पुढे पाठवता येत नाही, त्याला हे कुठून सुचलं, असा त्याचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, आमच्या कंपनीत परचेसमध्ये काळबांडे म्हणून होते, त्यांच्याकडून ऐकलं.

एवढंच सांगितलं. पुढचं काही हौसेने कॉम्प्युटर घेणाऱ्या पोराला सांगण्यासारखं नव्हतं.

शामराव काळबांडे नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात खरेदीचं काम बघायचे आणि मी अकाउंट्समध्ये होतो. कारखाना पंपांचे लोखंडी भाग ओतायचा. बेअरिंग, ग्रीस, हातमोजे, कँटीनचे पेले, साहेबांच्या खोलीतले पडदे, जे काही कारखान्यात यायचं ते काळबांडेंच्या हाताखालून यायचं आणि त्याचं बिल माझ्या टेबलावर यायचं. आम्ही दोघं त्रिमूर्तीनगरच्या थांब्यावरून एकाच कंपनी बसने जायचो, एकाच सीटवर बसायचो. ते खिडकीशी, मी अलीकडे. वर्षानुवर्षं.

माणूस बेताच्या उंचीचा, सावळा, डोक्याला खोबरेल चोपडलेला. कळमेश्वरकडच्या एका खेड्यातले. शेती धाकटा भाऊ करायचा, हे शिकून नागपुरात आले. इतकी वर्षं शहरात काढून, इंग्रजीत टेंडरं लिहून बोलणं मात्र गावचंच राहिलं होतं. साहेबांसमोरही "मले वाटते" असंच सुरू करायचे.

कारखान्याचा नियम होता की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे. त्याला तीन कोटेशनं म्हणायचे. बाकीच्यांसाठी तो कारखान्याचा नियम होता, काळबांडेंसाठी जगण्याचा. बसमधून उतरल्यावर कोथिंबीर घ्यायची तरी तीन टोपल्यांपाशी विचारणार. दाढी करायला नवा न्हावी शोधायचा होता तेव्हा तिघांकडे आळीपाळीने जाऊन आले. एकदा सासूबाईंना कूलर घ्यायचा होता. काळबांडेंनी मार्चमध्ये चौकशी सुरू केली. लोखंडी घ्यावा की फायबरचा, गवताच्या ताट्या कसल्या, पंप कुठला, मोटारीची तार तांब्याची की ॲल्युमिनियमची. कूलर सासूबाईंच्या घरी पोहोचला तेव्हा दसरा जवळ आला होता. मी बसमध्ये हसलो तर म्हणाले, "आता सस्ता पडला ना."

पण ते कंजूष नव्हते. ते नेहमी म्हणायचे, "सस्तं घेनारा रडते, महाग घेनारा फसते. निभनारं घ्या." निभणारं म्हणजे काय हे ओळखायची त्यांची एक पद्धत होती. वस्तू आधी हातात घ्यायचे, तळव्यावर तोलायचे, डोळे थोडे बारीक करायचे. कुलूप असो, खुर्ची असो की आमच्या बायकोने दिलेला नवा डबा असो. "वजन आहे," म्हणाले की समजायचं, पास.

त्यांना एकच मुलगा, मयूर. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. कंपनीच्या वार्षिक सहलीला आला होता आणि इतर पोरं धावत असताना हा पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला वर ढकलत होता. मी काळबांडेंना विचारलं, पायाला लागलंय का? ते म्हणाले, थोडा कमजोर आहे, टॉनिक सुरू आहे. पुढच्या वर्षी कळलं की टॉनिकने भरून येणारी कमजोरी नव्हती. अंगातले स्नायूच हळूहळू झिजत जाण्याचा आजार होता. त्यावरही काळबांडेंनी तीन ठिकाणी विचारलं. धंतोलीत एक मोठे डॉक्टर, मग मुंबई, मग हैदराबाद. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं. हैदराबादहून आल्यावर सोमवारी बसमध्ये बसले आणि हिंगणा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना म्हणाले, "तिघांचाही भाव सारखाच निघाला."

मयूर अकराव्या-बाराव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत बसला. शाळा दहावीपर्यंत झाली, मग घरून. शोभावहिनी, म्हणजे काळबांडेंच्या मिसेस, त्याचं सगळं करायच्या. पोरगा हुशार होता आणि त्याची जीभ तिखट होती. मी गेलो की म्हणायचा, "काका, बाबांनी आज किती कोटेशनं मागवली? जेवायला दोन भाज्या आहेत, तिसरी येऊन रायली असन."

त्याला आगगाड्यांचं वेड. वहिनींचं माहेर भिवापूरकडचं. मयूर चालत होता तेव्हा ते तिघं इतवारीहून नागभीडच्या छोट्या लाइनने, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीने तिकडे जायचे. ती गाडी इतकी हळू चालायची की माणसं मध्येच उतरून पुन्हा चढत असत. पुढे लाइन मोठी करायची म्हणून ती गाडी बंद झाली, रूळ उखडले. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवण्याचा एक खेळ असतो. त्यात आपल्याला हवे ते रूळ, हवी ती स्टेशनं बनवून टाकता येतात. मयूरने त्यात ती छोटी लाइन बांधायला घेतली. इतवारीपासून एकेक स्टेशन, एकेक फाटक. वहिनींना विचारून, त्याच्या भिवापूरच्या मामाकडून जुने फोटो मागवून. स्टेशनावरचा नळ कुठे होता, नावाच्या पाटीवरचा रंग किती उडाला होता, हेसुद्धा. परदेशातले लोक त्याला लिहायचे, पुढचं स्टेशन कधी येतंय म्हणून. पायांत बळ उरलं नव्हतं, दंडही उचलायचे नाहीत, पण मनगटापासून पुढे बोटं चालत होती आणि माउस हलवायला तेवढं पुरत होतं.

हा पहिला कॉम्प्युटर काळबांडेंनीच घेतला होता. रीतसर तीन कोटेशनं घेऊन. तिन्हीत प्रोसेसर तोच, मेमरी तीच. भावात फरक पडला तो कॅबिनेटमुळे. सगळ्यात कमी भावाच्या दुकानदाराने कॅबिनेटमध्येच बसवलेला सप्लाय दिला होता. आमच्याकडे दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला लागेल तशी वाटून देणारा पत्र्याचा डबा. कॅबिनेटच्या आत बसलेला, म्हणून काळबांडेंना तो हातात घेऊन तोलता आला नाही. त्यांनी कमी भाव पाहून ऑर्डर दिली.

एका मे महिन्यातल्या दुपारी तो डबा फुटला. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्यांना आवाज आला, मग जळका वास. मयूर खुर्चीत होता, त्याला उठून बटण बंद करता येईना. वहिनींनी धावत येऊन ते बंद केलं तोवर डबा गेला होता आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला होता. काळबांडे दोन-तीन दुरुस्तीवाल्यांकडे ती डिस्क घेऊन फिरले. कोणालाच काही काढता आलं नाही. इतवारीपासून उमरेडच्या पुढेपर्यंतची लाइन त्यात होती. दुसरीकडे कॉपी ठेवलेली नव्हती.

मयूर त्यांना फक्त "जाऊ द्या बाबा" म्हणाला. हे मला काळबांडेंनी बसमध्ये सांगितलं. तो ओरडला असता, तर बरं झालं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "मी कंपनीचं ग्रीस बी हातात घेतल्याशिवाय पास करत नाही," ते म्हणाले, "अन् पोराच्या मशीनमधलं मी उघडून पाह्यलं नाही."

त्यानंतर सबंध पावसाळा आमच्या सीटवर दुसरा विषय निघाला नाही. नवा कॉम्प्युटर मयूर निवडणार आणि सप्लाय काळबांडे, अशी वाटणी झाली होती. मयूरने आपली यादी झटपट ठरवली. काळबांडे सप्लायवर अडून बसले. आमच्या मेंटेनन्सचे गोतमारे विजेचे इंजिनिअर. काळबांडे जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. गोतमारेंनी त्यांना सांगितलं की साध्या सप्लायवर लिहिलेले वॅट पंचवीस डिग्री गरमीत मोजलेले असतात. गरमी वाढली की तोच डबा कमी देतो. चांगले असतात ते चाळीस-पन्नास डिग्रीत मोजलेले. काळबांडे परत येऊन मला म्हणाले, "पंचवीस डिग्री म्हनजे आपल्याकडं डिसेंबर. म्हनजे तो आपला जुना डबा डिसेंबरपुरताच होता."

मग ब्राँझ आणि गोल्ड आलं. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कामाला जाते आणि किती नुसती गरम होऊन वाया जाते, यावरून सप्लायला दर्जा देतात. गोल्डचा भाव बराच जास्त होता. काळबांडेंनी त्याने वाचणाऱ्या विजेचा हिशेब मांडला आणि ठरवलं की ब्राँझ निभेल. "सोनं घरात बायकोच्याही अंगावर जास्त नाही," म्हणाले. गोतमारेंनी हेही सांगितलं की फार मोठा घेऊन उपयोग नसतो. मयूरच्या यादीला साडेपाचशे वॅट भरपूर झाले. आतले वीज धरून ठेवणारे कपॅसिटर चांगल्या कंपनीचे असावेत, वीज कमीजास्त झाली तर स्वतःहून बंद पडण्याची सोय असावी आणि गॅरंटी निदान पाच वर्षांची असावी. कंपनी स्वतः किती वर्षांचा भरवसा देते त्यावरून माल ओळखा, असं गोतमारे म्हणाले. काळबांडेंना हे फार पटलं. त्यांना ते आपल्याच भाषेतलं वाटलं.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सीताबर्डीत गेलो. मला त्यांनी सोबत म्हणून घेतलं होतं. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. मयूरची खुर्ची वर जाणं शक्य नव्हतं, म्हणून तो घरी होता आणि काळबांडेंनी मोबाइलवर त्याला धरलं होतं. त्याचा चेहरा छोट्या चौकोनात दिसत होता, मागे वहिनींनी वाळत घातलेले कपडे.

दुकानदाराने आधी साडेआठशे वॅटचा पुढे केला. मयूर फोनमधून हसला. मग साडेपाचशेचे तीन आले. काळबांडेंनी ते एकेक करून तळव्यावर तोलले. मयूर म्हणाला, बाबा, दुकानात तरी नका करू. पण त्याला ते आवडत होतं, हे दिसत होतं. एक हलका निघाला, तो गेला. उरले दोन. वजन सारखं, दर्जा सारखा. एकाची गॅरंटी पाच वर्षांची होती, दुसऱ्याची सात आणि त्याचा भाव चढा होता.

काळबांडे सातवाल्याकडे बघत राहिले. दुकानदार म्हणाला, "अंकल, सात साल देखना नहीं पड़ेगा."

फोनमधून मयूर म्हणाला, "बाबा, सातचा कशाले घेऊन रायले? पाचचा घ्या. मले तेवढाच पुरते."

तो हे चेष्टेने म्हणाला नाही आणि रडवेलाही नव्हता. कपड्याचं माप सांगावं तसं म्हणाला. दुकानदाराला काही कळलं नाही, तो पाचवाल्याचं खोकं पुढे सरकवायला लागला. काळबांडेंनी त्याच्या हातावर हात ठेवला. फोन त्यांनी काउंटरवर पालथा केला, मयूरला छत दिसेल असा नाही, काहीच दिसू नये असा. मग विचारलं, "याच्यापेक्षा जास्त गॅरंटीचा आहे काय?"

होता. दहा वर्षांचा, गोल्ड, साडेसातशे वॅट. मयूरच्या यादीला त्याची काहीही गरज नव्हती. गोतमारेंनी वॅटबद्दल सांगितलेल्याच्याही उलट आणि स्वतः मांडलेल्या हिशेबाच्याही. काळबांडेंनी तो हातात घेतला, पण तोलला नाही. "हा द्या," म्हणाले. भाव केला नाही. त्यांनी भाव न करता घेतलेली वस्तू मी तेवढी एकच पाहिली.

परत येताना धरमपेठेत एका टपरीवर स्कूटर थांबवली. खोकं मांडीवर घेऊन ते बाकावर बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, चांगली वस्तू आहे, वाया नाही जाणार. ते माझं ऐकतच नव्हते.

"देशकरजी," ते म्हणाले, "हिशेबानं पाचचाच बरोबर होता. मले समजते ते. पन मी पाचचा घेतला असता, तं त्याले काय वाटलं असतं? बापानं बी तेवढेच मोजले."

आम्ही उठलो तेव्हा त्यांच्या चहावर साय धरली होती.

जोडणी घरीच केली. मयूर खुर्चीतून सांगायचा आणि काळबांडे जाड बोटांनी वायरी खुपसायचे. एक वायर उलटी लावली तर मयूर म्हणाला, "बाबा, हे बेअरिंग नाही, ठोकू नका." वहिनी हसल्या. मशीन सुरू झालं तेव्हा काळबांडेंनी कॅबिनेटच्या मागे हात धरून गरम हवा येते का बघितलं. काळबांडे दुकानात पेढे आणायला गेले, तेव्हा मयूरने मला जवळ बोलावलं. सप्लाय गरजेपेक्षा मोठा आहे, पाचवाला छान निभला असता, म्हणाला. मग म्हणाला, "मी तसं बोलाले नाही पाह्यजे होतं, काका. पन त्यांना सांगू नका. घेऊ द्या त्यांना दहाचं."

त्याने लाइन पुन्हा इतवारीपासून बांधायला घेतली. या वेळी कॉपी तीन जागी ठेवली. "तीन कोटेशनं," तो म्हणायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वादळ आलं. आमच्या भागात एक झाड तारांवर पडलं आणि घराघरात वीज दुप्पट जोराने घुसली असावी. शेजारच्यांचा फ्रिज गेला, माझ्याकडचा टीव्ही गेला. काळबांडेंकडे पंखा जळला, मिक्सर जळला. मयूरचा कॉम्प्युटर नुसता गप्प झाला. काळबांडे भिंतीला टेकून उभे राहिले, पुढे व्हायला धजेनात. वीज आल्यावर मयूरने त्यांना वायर काढून थोड्या वेळाने परत लावायला सांगितली. मशीन सुरू झालं. सप्लायने स्वतःहून सगळं तोडून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये काळबांडे सीटवर बसले नाहीत. उभं राहून ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत प्रत्येकाला सांगत होते. त्यांचा पंखा आणि मिक्सर गेला होता आणि त्यांच्याइतका खूश माणूस त्या बसमध्ये दुसरा नव्हता. एवढ्या आनंदात मी त्यांना आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या हिवाळ्यात मयूरला खोकला झाला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात बरेच दिवस काढले. तिथे डॉक्टरांनी सांगितलं की श्वास घेणारे स्नायूही आता थकायला लागलेत, झोपेत नाकातोंडावर मुखवटा लावून हवा देणारं मशीन घरी घ्यावं लागेल. काळबांडेंनी तीन कोटेशनं आणली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते व्हरांड्यात बाकावर बसले होते आणि तीन कंपन्यांची तीन मशीनं समोर मांडलेली, दाखवायला आणलेली. विक्रेते चहाला गेले होते. काळबांडेंनी एक मशीन उचललं, तळव्यावर धरलं, परत ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं.

"डॉक्टरले इचारलं कोनतं चांगलं," ते म्हणाले. "ते म्हनते, कोनतंही घ्या."

मी म्हटलं, मग तिन्ही चांगली असतील.

"तसं नाही," ते म्हणाले. "मी इचारलं, फरक कशात आहे. ते म्हनाले, आरामात थोडा. बाकी जे होनार त्याच्यात काही नाही. आता यात मी काय पाहू सांगा." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. पंचवीस-तीस वर्षं खरेदी केलेला माणूस, तीन वस्तू समोर, आणि त्याला निवडता येत नव्हतं. शेवटी वहिनींनी मधलं घेतलं, त्याचा आवाज कमी येत होता म्हणून.

मयूर घरी आला. कॉम्प्युटर चालू होता, हवेचं मशीनही चालू होतं. फक्त उजव्या मनगटातली ताकद उतरत चालली होती. आधी माउसखाली पुस्तक ठेवून चाललं, मग लहान माउस आणला, मग डोळ्यांनी हलवायचा एक कॅमेरा मागवला. तो कॅमेरा मयूरला जमला नाही, मुखवटा आता दिवसाही लागायचा आणि त्यामुळे त्याची मान एका जागी राहायची नाही. काळबांडे कारखान्यात यायचे, काम करायचे. टेबलावर तीन कोटेशनं असायची, त्यातलं वरचं उचलून सही करायचे. बिलं माझ्याकडे यायची. मी ती तशीच पास करायचो.

यानंतर मी निवृत्त झालो आणि मुलीजवळ राहावं म्हणून पुण्याला आलो. आता महिन्यातून एकदा फोन होतो. ते उचलतात. मी विचारतो, मयूर कसा आहे? ते म्हणतात, चालू आहे. मग इकडचा पाऊस, तिकडची गरमी. वहिनींचा आवाज मागे कधी येतो, कधी येत नाही. मयूर फोनवर येत नाही. त्याला बोलताना धाप लागते.

काळबांडेंना शेवटचं समोर पाहिलं ते नागपूर सोडण्याच्या आदल्या दिवशी. दुपारी निरोप घ्यायला गेलो होतो. वहिनींनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "आत आहेत दोघं. काम करून रायले." मी पडदा बाजूला करून उंबऱ्यातच थांबलो.

मयूर खुर्चीत होता, मागे उशा लावलेल्या. काळबांडे शेजारी स्टुलावर. मयूरचा उजवा हात माउसवर होता आणि त्या हाताखाली काळबांडेंचा तळवा होता. मयूर सांगेल तसा काळबांडे हात सरकवत होते. पडद्यावर भिवापूरच्या अलीकडचं एखादं छोटं स्टेशन असावं. फलाटाच्या मागे मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. त्याच्या कडेला एक कडुनिंबाचं झाड लावायचं चाललं होतं.

"डावीकडं," मयूर म्हणायचा. काळबांडे सरकवायचे. "थांबा. पुढं गेलं. मागं घ्या थोडं." ते मागे घ्यायचे, ते जास्त मागे जायचं. काळबांडेंचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांचं लक्ष पडद्यावर नव्हतं, हातावर होतं. मयूरच्या बोटांना कळ लागू नये एवढंच ते सांभाळत होते. मयूर चिडला नाही. दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास घ्यायला थांबायचा आणि काळबांडे तोवर हात मुळीच हलवायचे नाहीत.

मग कशाने तरी हात घसरला आणि झाड सुटलं ते थेट रुळांच्या मध्ये जाऊन उभं राहिलं.

"राहू द्या," मयूर म्हणाला.

"रुळावर आहे ना गा ते."

"राहू द्या बाबा. गाडी कुठं येऊन रायली आता."

काळबांडेंनी तळवा बाहेर काढून सदऱ्याला पुसला.

"अन् आली तं?" ते म्हणाले. मग त्यांनी तळवा पुन्हा मयूरच्या हाताखाली सारला, आणि झाड उचलायला घेतलं.